दॅट ड्रॅगन, कॅन्सर: क्लिक करूनही पोर शांत होत नाही

दवाखान्यातली रात्र. खोलीत एकटा बाप आणि पाळण्यात रडणारं लेकरू. पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. तुम्ही माउस हलवता, ज्यूसचा डबा देता, त्याला उचलून घेता, खोलीभर फेऱ्या मारता. रडणं वाढतच जातं. इतर खेळांत योग्य जागी क्लिक केलं की कुलूप उघडतं. इथे योग्य जागाच नाही. बाप शेवटी हात टेकून प्रार्थना करतो, तेव्हा पोर निजतं. हा प्रसंग खरा आहे, आणि ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ या संगणकावरच्या खेळाचं बीजही त्यातच आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं रायन आणि एमी ग्रीन हे ख्रिस्ती जोडपं. त्यांच्या जोएलला वर्षाचा असताना मेंदूची दुर्मीळ, आक्रमक गाठ झाली. फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी तो आणखी चार वर्षं जगला आणि मार्च 2014 मध्ये गेला. खेळ तो जिवंत असतानाच घडत होता. जानेवारी 2016 मध्ये न्युमिनस गेम्स या स्टुडिओने तो प्रसिद्ध केला आणि 2017 मध्ये त्याला नावीन्यासाठी बाफ्टा हा ब्रिटनचा पुरस्कार मिळाला. दोन तासांत संपतो, पण दोन तास सलग बसवेलच असं नाही.

बायबलच्या वचनांवर प्रश्न विचारून गुण देणारे खेळ बरेच आहेत. हा त्या जातीचा नाही. इथे देवाला प्रश्न विचारला जातो आणि उत्तर येण्याआधी प्रसंग संपतो. एमीला चमत्काराची खात्री आहे, रायनला नाही. एकाच घरातल्या दोन विश्वासांतलं हे अंतर खेळ झाकत नाही, आणि कोण बरोबर हेही ठरवत नाही. ज्यांनी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचलंय त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. समजूत घालायला आलेल्या मित्रांची लांबलचक स्पष्टीकरणं आणि मध्ये दुःखात बसलेला माणूस. ग्रीन दांपत्याने मित्रांची बाजू घेतलेली नाही, हे या खेळाचं सगळ्यात मोठं बळ.

डॉक्टर वाईट बातमी देतात तो प्रसंग खेळ म्हणून उत्तम बांधलाय. लहान मुलांचं एक गोल खेळणं असतं, ओढलं की प्राण्याचा आवाज काढणारं. इथे त्यावर खोलीतल्या माणसांची चित्रं आहेत. तेच बोलणं प्रत्येकाच्या मनातून पुन्हा ऐकायचं. खोलीत पाणी चढत जातं. दुसरी अशीच जागा म्हणजे दवाखान्याच्या कॉरिडॉरमधली गाडीची शर्यत. वाटेत वस्तू गोळा करत हसत-खेळत शेवटाला पोचायचं, आणि तिथे कळतं की आपण गोळा केली ती केमोची औषधं होती. भावंडांना सांगितलेली बाळ-योद्ध्याची गोष्ट जुन्या उड्या-मारण्याच्या खेळासारखी आहे. त्यात ड्रॅगन मरत नाही. तो हरेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, प्रसंग पुढे सरकू द्या.

दोष आहेत. क्लिक कुठे करायचं हे बऱ्याचदा उमगत नाही आणि चाल जड आहे. अडलात तर पडदाभर कर्सर सावकाश फिरवा, त्याचं रूप बदललं की तिथे काहीतरी आहे. काही ठिकाणी रायनचं काव्यमय निवेदन प्रसंगाच्या वर चढतं. रडण्याच्या आवाजाने जे सांगून झालं ते शब्दांत पुन्हा येतं. कॉरिडॉरभर लावलेली शुभेच्छापत्रं या खेळासाठी वर्गणी देणाऱ्या खऱ्या कुटुंबांची आहेत. सगळी वाचायला गेलात तर दम लागेल. चार-पाच नीट वाचा आणि पुढे चला.

माणसांना चेहरे नाहीत, डोळे-नाक नसलेली साधी आकृती. त्यामुळे सगळा भार आवाजावर येतो, आणि जोएलचं हसू खरोखर त्याचंच आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळलात तर अर्धा खेळ गेला. हेडफोन लावाच. इंग्रजी अमेरिकन वळणाचं आहे, तेव्हा सबटायटल सुरू ठेवा. विकत स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळतो. परताव्याचा नियम खरेदीपासून 14 दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ असा आहे. हा खेळच जवळपास तेवढा असल्याने लॅपटॉपवर नीट चालतोय का ते पहिल्या दहा मिनिटांत बघा. यूट्यूबवर अख्खा खेळ फुकट बघता येतो, आणि त्याने आपली विक्री बुडाली असं निर्मात्यांनी स्वतः सांगितलं होतं. पैशांचं बाजूला ठेवा, पण दवाखान्याची ती रात्र नुसती बघून पोचत नाही. हात माउसवर असतानाच हतबलता कळते.

मिरजेत याचं वजन वेगळं आहे. वानलेस मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झालं आणि उपचारासाठी उत्तर कर्नाटकातून, कोकणातून आजही माणसं या गावात येतात. वॉर्डाबाहेर डबा घेऊन बसलेला नातेवाईक इथल्या कुणालाही परका नाही. सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुण संघाला एका संध्याकाळी हा खेळ घ्यायचा असेल तर प्रोजेक्टर, दोन मोठे स्पीकर आणि दर प्रसंगाला माउस दुसऱ्याच्या हाती, एवढं पुरे. एकाने मराठीत थोडक्यात सांगत राहावं, पण रडण्याच्या प्रसंगात कुणीही बोलू नये. शाळकरी मुलं नकोत. ज्यांच्या घरात सध्या पेशंट आहे त्यांना आधी विषय सांगून विचारा, ऐनवेळी नाही. प्रार्थनेचा मोठा प्रसंग दगडी चर्चमध्ये घडतो. अनेकांचे आवाज एकमेकांवर चढत जातात आणि मग थांबतात. अभंग-भजनांवर वाढलेल्या माणसाला ही प्रार्थना सुरुवातीला परकी वाटेल, पण ती जिथे थांबते ती जागा परकी नाही वाटणार. तिथे दिवे लावून चर्चा सुरू करू नका. यानंतर एक छोटी सहल आहे, पॅनकेकची रास, कुत्रा आणि जोएल. ती खेळूनच मग दिवे लावा.