पंपाखालचं पेट्रोल भूजलात उतरलं, तर कोणता उपाय निवडावा?

जमिनीखालच्या टाकीतून किंवा पाइपच्या सांध्यातून इंधन झिरपतंय हे उघड झालं, की वेगवेगळे प्रस्ताव समोर येतात. एक सल्लागार पाणी उपसायला सांगतो, दुसरा जमिनीत हवा सोडायला, तिसरा रसायन टोचायला. चौथा म्हणतो, नुसते नमुने तपासत राहा. चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण निवड यंत्रावर कमी आणि जमिनीवर जास्त ठरते. खाली वाळू आहे की चिकणमाती, पाणी किती खोल आहे, इंधन अजून तरंगतंय का, आणि जवळपास कोण ते पाणी पितं? ही उत्तरं हातात नसताना कुठल्याच प्रस्तावावर सही करू नका.

शेवटचा प्रश्न सगळ्यात आधीचा. पेट्रोलमध्ये आकारमानाने 1 टक्का बेंझिन धरलं, तर लिटरभर पेट्रोलमध्ये ते जवळपास 9 ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली बेंझिनची मर्यादा आहे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन सुमारे 9 लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही. प्रवाहाच्या दिशेला कुणाची विहीर असेल, तर तुलना नंतर करा. त्या घरांना आजच दुसरं पाणी द्या.

तरंगणारा थर आधी काढा

पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्याहून हलकी, त्यामुळे गळती मोठी असली तर भूजलपातळीवर इंधनाचा थर साचतो. निरीक्षण बोअरमध्ये इंटरफेस प्रोब सोडला की इंधन कुठे सुरू होतं आणि पाणी कुठे लागतं ते कळतं. मात्र बोअरमधला थर बाहेरच्या मातीतल्यापेक्षा बऱ्याचदा जाड दिसतो, म्हणून त्या जाडीवरून गळलेल्या इंधनाचा हिशेब मांडला तर तो फसतो.

हा थर असेपर्यंत खालून हवा सोडणं धोक्याचं आहे, इंधन पसरतं आणि वाफा वाढतात. रसायनही त्यातच खर्ची पडतं. स्किमरने इंधन वरच्यावर ओढून घेणं किंवा निर्वात पंपाने इंधन, पाणी आणि वाफ एकत्र खेचणं, हे दोन रस्ते उरतात. चिकण जमिनीत दुसरा बरा. टाकी नाहीतरी बदलायचीच असेल, तर खड्डा उघडा असतानाच भिजलेली माती उचलून टाका. इतका जलद उपाय दुसरा नाही. प्रदूषण इमारतीखाली किंवा फार खोल गेलेलं असलं, की खोदकाम परवडत नाही.

पाणी उपसणं की हवा सोडणं?

उपसून शुद्ध करण्याची पद्धत सगळ्यात जुनी. पाणी वर काढायचं, स्ट्रिपरमध्ये हवेशी घुसळून वाफा वेगळ्या करायच्या, उरलेलं ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळायचं. दूषित पाणी विहिरीकडे सरकत असेल तर त्याला जागच्या जागी रोखायला हीच पद्धत घ्यावी. जमीन साफ करायला मात्र ती फार कमी पडते. मातीला चिकटलेलं इंधन थोडं थोडं विरघळत राहतं. सुरुवातीला आकडे झपाट्याने उतरतात, मग वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळतात, आणि पंप बंद केला की पुन्हा चढतात. त्यात पाण्यात लोह असेल तर हवा लागताच गंजासारखा साका धरतो आणि स्ट्रिपर चोंदतो. देखभालीचा हा खर्च प्रस्तावात दिसत नाही, तो विचारून घ्या.

एअर स्पार्जिंगमध्ये पाणीपातळीखाली हवा सोडतात. ती वर येताना बेंझिनसारखी उडून जाणारी द्रव्यं सोबत आणते, शिवाय जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो. एकसारख्या वाळूत माझी पहिली पसंती यालाच. पण मध्ये चिकणमातीचा पापुद्रा असला, की हवा त्याच्याखालून आडवी पळते आणि वाफा शेजारच्या तळघरात निघू शकतात. म्हणून वरच्या कोरड्या मातीतून वाफ खेचणारी यंत्रणा सोबत नसेल तर हा प्रस्ताव नाकाराच. डिझेल फारसं उडत नाही, त्यामुळे तिथे फायदा मिळाला तर तो मुख्यतः ऑक्सिजनचा.

रसायन टोचणं

इंधनाचं ऑक्सिडीकरण करून ते नष्ट करणारं रसायन जमिनीत सोडायचं: हायड्रोजन पेरॉक्साइड लोहासोबत, किंवा परसल्फेट. काम लवकर होतं आणि आवारात कायमची यंत्रं लागत नाहीत. पण मातीतले इतर सेंद्रिय पदार्थही रसायन खातात, तेव्हा आधी मातीची चाचणी हवी. पेरॉक्साइडने उष्णता आणि वायू तयार होतात, टाक्या-पाइपांजवळ ते जपूनच. कुणी बेंझिनसाठी परमँगनेट सुचवलं तर दुसरा सल्लागार शोधा, बेंझिनवर ते जवळपास चालतच नाही.

जिवाणूंवर सोपवणं

मातीतले जिवाणू ऑक्सिजन वापरून इंधन खातात. एक किलो बेंझिन पूर्ण संपवायला तीन किलोच्या वर ऑक्सिजन लागतो, आणि हवेने तृप्त झालेल्या लिटरभर पाण्यात तो जेमतेम 8-9 मिलिग्रॅम असतो. साहजिकच भूजलातल्या दूषित पट्ट्यात ऑक्सिजन लगेच संपतो, आणि जिवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधारावर संथपणे काम चालू ठेवतात. तरी ते काम खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या गळत्यांवर लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 1995 मध्ये केलेल्या अभ्यासात बहुतेक बेंझिनचे पट्टे शे-दोनशे मीटरही लांब नसतात, असं दिसलं. गळती थांबली असेल, तरंगता थर काढला असेल, जवळ विहीर नसेल आणि पट्टा आक्रसतोय हे मोजमापांतून दिसत असेल, तर देखरेखीखाली निसर्गावर सोडणं हा जबाबदार निर्णय आहे.

एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला घालतात ते द्रव्य) मिसळलेलं पेट्रोल असेल तर हे गणित बिघडतं. ते पाण्यात सहज विरघळतं, जिवाणूंना लवकर पचत नाही आणि कार्बनलाही नीट चिकटत नाही. कॅलिफोर्नियातल्याच सांता मोनिका शहराला 1996 मध्ये याच द्रव्यापायी आपल्या बऱ्याच पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा त्रास वेगळा: जिवाणू आधी तेच खातात, ऑक्सिजन तिथेच संपतो आणि बेंझिन आणखी पुढे जातं. त्यामुळे प्रयोगशाळेकडून बेंझिनसोबत या दोघांचीही तपासणी मागा.

करार करताना एक अट घाला. यंत्रणा बंद केल्यावर किमान एक वर्ष, पाणीपातळी चढलेली असताना आणि उतरलेली असतानाही, नमुने घेतले जातील, आणि शेवटचा हप्ता त्या निकालांनंतरच दिला जाईल.