भोसरीचे रविवारचे कामगार सल्लाकेंद्र

भोसरी एमआयडीसीतील ज्या कारखान्यात मी नऊ वर्षे सुपरवायझर होतो, तो दिवाळखोरी प्रक्रियेत गेला, तेव्हा माझ्या हाताखालच्या सहा हेल्परांचा चार महिन्यांचा पगार थकलेला होता. ओडिशा आणि झारखंडमधून आलेली ही मुले मुकादमाने आणलेली. नेमणूकपत्र नाही, पगारचिठ्ठी नाही, पीएफमध्ये नाव नाही. एका वकिलाने आगाऊ फी घेऊन कामगार न्यायालयात दावा लावण्याचे कबूल केले, पण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार अशी वसुली थांबवली जाते, हे त्याने सांगितले नाही. शेवटी आम्ही या विनामूल्य केंद्रात गेलो.

येथील वकीलबाईंनी कागद मागण्याआधी विचारले, की तुम्ही कामावर होता याची खूण कुठे कुठे राहिली असेल? गेटवरची नोंदवही, मुकादमाची हजेरीची वही, कॅन्टीनची कुपने, शिफ्टचे व्हॉट्सॲप निरोप, ठेकेदाराने मोबाइलवर पाठवलेली उचल असे सगळे त्यांनी एकेका मुलासोबत बसून जुळवले. एकाला सगळा पगार रोख मिळत असे. तो दरमहा गावी पैसे पाठवायचा, त्या दुकानाच्या पावत्या मुकादमाच्या वहीशी ताडून पाहण्यात त्यांनी दोन रविवार घातले. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेल्या तत्त्वाचा आधार त्यांनी घेतला आणि सर्वांच्या वतीने दिवाळखोरी प्रक्रियेतील थकबाकीच्या दाव्याचा फॉर्म ई भरला; एकट्याच्या दाव्यासाठी फॉर्म डी असतो.

कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून ती बंद करायची ठरली, तर आधीच्या २४ महिन्यांच्या कामगारांच्या थकबाकीला आपले तारण सोडून दिलेल्या सुरक्षित धनकोंच्या, म्हणजे तारणावर कर्ज देणाऱ्यांच्या, बरोबरीचे स्थान मिळते, हेही मला तिथेच कळले. नोंदणीत नावच नाही, मग आपला हक्क कसला, असे एका मुलाने विचारले, तेव्हा बाईंनी नेदरलँड्समधील खटला सांगितला. निवास परवाना नसलेल्या एका तुर्की कामगाराची कंपनी बुडाली, आणि केवळ परवाना नाही म्हणून त्याला मालक बुडाल्यास पगार देणाऱ्या हमी निधीतून मिळणारा थकीत पगार नाकारता येणार नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१४ रोजी दिला. आपल्याकडे असा निधी नाही, त्यामुळे कंपनीच्या मालमत्तेतूनच वाटा मागावा लागतो. ही उणीव मला फार टोचते.

केंद्राबाबत दोन तक्रारी मात्र आहेत. दावा सादर करायला हंगामी निराकरण व्यावसायिकाच्या (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार तात्पुरता सांभाळून दावे स्वीकारणाऱ्याच्या) नेमणुकीपासून १४ दिवसांची मुदत, आणि केंद्र उघडे फक्त रविवारी. आमचा दावा मुदतीनंतर गेला आणि उशिराची सवलत होती म्हणूनच तो टिकला. शिवाय इंग्रजीतला फॉर्म घाईने वाचून दाखवला गेला, तो हिंदीतून नीट समजावणे आवश्यक होते. तरीही पगार थकलेल्या कोणालाही मी तिथेच पाठवेन. पाच जणांचे दावे मान्य झाले आहेत. रोख पगारवाल्या मुलाचा दावा अजून तपासणीत आहे, आणि त्यासाठी बाई मुकादमाचा लेखी जबाब मिळवत आहेत.