एमएस की डीएनबी? हाडांच्या डॉक्टरांची पाटी वाचताना

हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवर कुठे ‘एमएस ऑर्थो’ असतं, कुठे ‘डीएनबी ऑर्थो’. एमएस (मास्टर ऑफ सर्जरी) ही विद्यापीठाची पदवी, महाराष्ट्रात बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. डीएनबीची (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड) परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं, देशभर एकच. एमबीबीएसनंतर ३ वर्षं आणि प्रबंध दोन्हीकडे आहेच. खरा फरक शिकण्याच्या जागेत. सरकारी कॉलेजात एमएस करणाऱ्याच्या हाताखालून अपघातात मोडलेले पाय रात्रंदिवस जातात. डीएनबीवाला बऱ्याचदा खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात तयार होतो, तिथे सांधेबदल जास्त बघायला मिळू शकतात. डीएनबी म्हणजे दुय्यम, हा समज मात्र खुळा. आईचा गुडघा बदलायचा असेल तर मी आधी विचारेन, ‘डॉक्टर, महिन्याला असे किती गुडघे करता?’