उरलेलं धड कुठे आहे, ते आधी विचारा

फोटोत कस्टम फिगर, म्हणजे दोन फिगरचे भाग जोडून केलेली, अगदी देखणी होती. एका फिग्माचं (सांधे हलणारी जपानी ॲक्शन फिगर) धड, दुसरीचं डोकं, केस हाताने घडवलेले, वरून मॅट फिनिश. किंमत १३,५०० रुपये. त्यातले ७,००० ऑर्डर देताना यूपीआयने, बाकीचे सीताबर्डी मेट्रो स्टेशनखाली हातोहात. देताना विक्रेता म्हणाला, "बबल रॅप आत्ताच उघडू नका भाऊ, मॅट कोट ताजा आहे. अन् मान जास्त फिरवू नका, डिस्प्ले पीस आहे."

धरमपेठेतल्या या ग्राहकाने तिथेच थांबायला हवं होतं. कोट खरंच ताजा असेल तर त्यावर बबल रॅप गुंडाळतं कोण? गोल गोल छाप उमटतात. आणि फिग्मा हा प्रकारच मुळी सांधे हलवण्यासाठी आहे. मान फिरवायची नसेल तर साधा पुतळा स्वस्तात मिळतो.

घरी मान थोडी वळवली, कट्ट झालं आणि डोकं हातात आलं.

मानेच्या खुंटीभोवती पांढरी राखेसारखी कडा होती. ती फेविक्विकची वाफ. सुपरग्लू जास्त लावला की त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरी पडते, आणि हवेत ओल असेल तर आणखी. कूलर चालू असलेल्या खोलीत हे हमखास होतं. डोक्याच्या पोकळीत एम-सील ठासून भरलेलं, त्यात खुंटी तशीच खुपसलेली. म्हणजे सांधा केलेलाच नव्हता, नुसतं चिकटवलं होतं.

खरं काम फार अवघड नाही, वेळखाऊ आहे. मॅक्स फॅक्टरीची फिग्मा मालिका २००८ पासून चालू आहे आणि इतक्या वर्षांत मानेचे जोड सगळीकडे एकसारखे राहिलेले नाहीत. म्हणून एकीचं डोकं दुसरीच्या मानेवर कधी सैल बसतं, कधी जातच नाही. अशा वेळी पोकळीत थोडी इपॉक्सी पुट्टी भरायची, मानेच्या गोळीला व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा, गोळी दाबून बसवायची. पुट्टी अर्धवट घट्ट झाली की डोकं हळूच थोडं फिरवून घ्यायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पुट्टी गोळीचा आकार घेते, व्हॅसलिनमुळे चिकटत नाही, मान फिरते. जिथे हालचाल नकोच आहे, उदाहरणार्थ केसांची बट, तिथे दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक पाडून पितळी तारेची पिन घालायची आणि मग गोंद. नुसता सुपरग्लू मऊ पीव्हीसी प्लास्टिकवर टिकत नाही: तो कडक आणि ठिसूळ, पीव्हीसी वाकणारं. जोर आला की सुटला.

डोकं मात्र अस्सल होतं, आणि सगळी खेळी तिथेच आहे. बूटलेगचा, म्हणजे नकली फिगरचा, चेहरा लगेच पकडला जातो. डोळ्यांची छपाई फिसकटलेली असते, भुवई सरकलेली असते. म्हणून पैसा डोक्यावर घालायचा आणि धड नकली लावायचं. फोटोत सगळे चेहराच बघतात. नकली प्लास्टिकची तेलकट चमक मॅट कोटने झाकली होती. मानेखालचा गुलाबीपणा आणि चेहऱ्याचा पिवळसरपणा जुळत नव्हता, तिथे खडूची पूड चोळून सावली केली होती. मांडीच्या आतल्या बाजूला साच्याची रेघ नखाला लागत होती. बऱ्याच ओरिजिनल फिगरवर कुठेतरी बारीक कॉपीराइटची ओळ कोरलेली असते. ती नसणं हा एकट्याने पुरावा होत नाही, पण इथे दोन्ही तळवे सँडपेपरने घासलेले होते. घासायचं कारणच काय?

केसांवर अंगठा टेकवला तर ठसा उमटला, तोही पंधरा दिवसांनी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं; ते वर येतं आणि इनॅमल रंग नीट सुकूच देत नाही. वरून मॅट मारला तरी चिकटपणा काही दिवसांत परत येतो. केस ॲक्रिलिकने, पातळ थरांत रंगवायला हवे होते. त्यात एम-सीलने जड झालेलं डोकं नागपूरच्या मे महिन्यात मऊ घोट्यांवर उभं. बंद कारमध्ये एक दुपार राहिली असती तरी फिगर पुढे झुकली असती.

आता मुख्य प्रश्न. दोन ओरिजिनल फिगर जोडून एक केली, तर एक डोकं आणि एक धड उरतं. शिवाय जादा हात, जादा चेहरे, दोन स्टँड, दोन डबे. खरा कस्टम करणारा हे उरलेले भाग विकूनच खर्च भरून काढतो, त्यामुळे विचारलं की त्याच्याकडे फोटो तयार असतो. याला विचारल्यावर उत्तर आलं, "ते तर फेकून दिलं नं भाऊ." हजारोंचा माल कोणी फेकत नाही.

म्हणून ऑर्डरच्या आधीच दोन्ही फिगरची नावं आणि फिग्मा क्रमांक लिहून घ्या. न कापलेला व्हिडिओ मागा: आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी, डोकं काढून, पोकळी कॅमेऱ्याकडे, पुन्हा लावून, मान दोन्ही बाजूंना फिरवून. कोणता रंग, कोणता गोंद, हेही विचारा. "स्पेशल केमिकल" असं उत्तर आलं तर राहू द्या. आगाऊ रक्कम सुट्या भागांच्या खर्चापुरतीच द्या आणि बाकी उघडून पाहिल्यावर. मेट्रो स्टेशनखाली उघडायला लाज कसली, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, यूटीआर नंबर (यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून. विक्रेता पेज बंद करायच्या आत स्क्रीनशॉट घ्या. इथे ते राहून गेलं.

डोकं वाचवता येतं. ॲसिटोन लावू नका, सुपरग्लूबरोबर डोळ्यांची छपाईही जाईल. डोकं दोन तास फ्रीजरमध्ये ठेवलं की पोकळीतला उरलेला सुपरग्लू ठिसूळ होतो, चिमट्याने तुकड्यांत निघतो. आतलं एम-सील पिन वाइसने (हाताने फिरवायचा छोटा ड्रिल), आधी १.५ आणि मग ३ मिमीच्या बिटने, सावकाश कोरायचं. ३ मिमीचं भोक झालं की कोतोबुकिया या जपानी कंपनीच्या सुट्या ३ मिमी जोडांपैकी एखादा बसवता येतो, आणि ते डोकं दुसऱ्या धडावर जातं. नकली धड रंगाची चाचणी घ्यायला बरं आहे.