डॅटसन गो प्लस : चौदा महिने, सोळा हजार किलोमीटर आणि एक हँडब्रेक

आधी हँडब्रेकचं सांगतो, कारण या गाडीबद्दल माझं मत दोनदा बदललं ते त्याच्यामुळंच.

ज्यांनी २०१८ च्या आधीची डॅटसनची छोटी गाडी गो किंवा तिचीच तीन रांगांची लांब आवृत्ती गो प्लस पाहिली आहे त्यांना माहीत असेल, हिचा हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये नाही. तो डॅशबोर्डखाली, गिअरच्या शेजारी आहे. छत्रीच्या मुठीसारखी मूठ, सरळ आपल्याकडं ओढायची. सोडताना पिळायची आणि आत ढकलायची. ओढताना टक् टक् असा आवाज येतो. माझी गाडी सहाव्या टकेला चढावर ठाम उभी राहायची. गाडी घेतली तेव्हाच मी ते मोजून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन करून चिपळूणहून कराडला निघालो. गाडीत अण्णा, बायको, मुलगी आणि आजोळहून दिलेली नारळांची गोणी. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तर वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला. रांग लागली होती, पाऊस कोसळत होता आणि माझ्या मागं दोन हात अंतरावर एसटी. हँडब्रेक ओढला. सहा झाले, आठ झाले, अकरावर मूठ पुढं येईना. पायातला ब्रेक हळूच सोडला आणि गाडी मागं सरकली. फार नाही, हातभर. पण मागच्या सीटवर मुलगी बसली होती आणि तिच्या पाठीशी एसटीचं तोंड. पाय पुन्हा ब्रेकवर दाबला तो पुढचा पाऊण तास काढलाच नाही. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा पोटरीत गोळा आला होता. चाकाला दगड लावल्याशिवाय मी खाली उतरलो नाही.

त्या रात्री मी चार मित्रांना कळवून टाकलं की ही गाडी घेऊ नका, पैसे वाचवायला केलेला हा असला ब्रेक घाटात दगा देतो. हे मी चुकीचं बोललो होतो. कसं, ते पुढं येईल.

गाडी घेतली जून २०२४ मध्ये, वाळवा तालुक्यातल्या एका शिक्षकांकडून. २०१७ चं मॉडेल, ४१ हजार किलोमीटर चाललेली, एक लाख सत्तर हजारांना. तेवढ्याच वयाची, तेवढीच चाललेली दुसऱ्या नावाची छोटी गाडी आमच्याकडं पावणेतीन लाखांच्या खाली कुणी देत नव्हतं. एक लाखाचा हा फरक फक्त नावामुळं आहे. एप्रिल २०२२ मध्ये निसाननं डॅटसन हे नाव भारतात बंद केलं आणि बाजारात गाडीचा भाव पडला. जुन्या गाड्यांच्या एका दलालानं तर मला तोंडावर सांगितलं, "साहेब, ही घ्याल तर भंगारातच विकाल." मी हिशेब केला की मला विकायचीच नाही. दहा वर्षं वापरायची तर पडलेला भाव घेणाऱ्याच्या फायद्याचा.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर चाचणीत 'गो'ला शून्य स्टार मिळाले होते आणि संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मॉस्ली यांनी निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांना पत्र लिहून ही गाडी बाजारातून काढून घ्यायला सांगितलं होतं. माझ्या गाडीत फक्त ड्रायव्हरची एअरबॅग आहे, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. म्हणून आमच्या घरी नियम ठरलाय. ताशी ऐंशीच्या वर काटा न्यायचा नाही, मागच्या सीटवरही पट्टा लावायचा आणि तिसऱ्या रांगेत माणूस बसवायचा नाही. ती रांग आम्ही कायमची पाडून ठेवली आहे. सात जणांची गाडी म्हणून कुणी हिच्याकडं बघत असेल तर त्यानं बघू नये. चार मीटरच्या आत बसवलेल्या त्या शेवटच्या सीटवर लहान मुलाचे गुडघेसुद्धा छातीला लागतात, आणि पाठीमागं लगेच डिकीचं दार आहे.

आता मामांचं. त्याच गणपतीत आजोळी गाडी अंगणात लावली. आमचे मामा सत्तरच्या दशकाच्या शेवटी मस्कतला गेले आणि वीस वर्षं तिथं राहिले. ते ओटीवरून उठून आले, बॉनेटवरच्या नावावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, ही डॅटसन आपल्याकडं कधी आली?" त्यांच्या कंपनीत डॅटसनच्या पिकअप होत्या. वाळूत, उन्हात, सिमेंटच्या गोण्या लादून दिवसभर पळायच्या. चिपळूण, खेड, दापोलीकडची जी माणसं त्या काळी आखातात गेली, त्यांना हे नाव नव्यानं सांगावं लागत नाही. मामांनी मला गाडीची किंमत विचारली नाही, मायलेज विचारलं नाही. नुसते चाकापाशी उकिडवे बसून बघत राहिले.

त्यांच्यामुळंच मी या नावाच्या मागं लागलो. मासुजिरो हाशिमोतो नावाच्या इंजिनिअरनं १९११ मध्ये टोकियोत कैशिनशा हा कारखाना काढला. त्याला पैसा आणि पाठबळ देणारे तिघे, देन, आओयामा आणि ताकेउची. त्यांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन १९१४ च्या गाडीचं नाव ठेवलं डॅट. पुढं १९३१ मध्ये छोटी गाडी काढली तेव्हा ती डॅटचा मुलगा म्हणून इंग्रजी धाटणीनं 'डॅटसन', शेवटी मुलगा या अर्थाचं सन (son). पण हेच son जपानी भाषेत 'सोन' म्हणजे नुकसान. व्यापाराच्या वस्तूला असलं नाव कोण ठेवेल? लवकरच स्पेलिंग बदलून शेवटी सूर्याचं सन (sun) आणलं. आपल्याकडं दुकानाची पाटी रंगवताना जसा विचार होतो, अगदी तसाच. निसान हे नाव त्यानंतर, १९३४ मध्ये आलं. म्हणजे डॅटसन हे घरातलं थोरलं नाव. तेच १९८१ मध्ये बंद करायचं ठरलं आणि १९८६ पर्यंत ते जगभरातून गेलं. २०१२ मध्ये घोन यांनी ते स्वस्त गाड्यांसाठी परत आणलं, भारतात २०१४ मध्ये गो रस्त्यावर आली आणि आठ वर्षांत पुन्हा सगळं आटोपलं.

यातली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट शेखर मेहताची. युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा हा ड्रायव्हर इदी अमीनच्या काळात तिथून निघून केनियात गेला. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे चिखल, धूळ, खड्डे आणि मधेच आडवी येणारी जनावरं. ती त्यानं पाच वेळा जिंकली. १९७३ मध्ये डॅटसन २४० झेडवर आणि मग १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं डॅटसनच्याच व्हायोलेटवर. हे वाचून मला माझ्या गाडीची थोडी लाज वाटायची कमी झाली, पण हँडब्रेकवरचा राग गेला नाही. रॅली जिंकणाऱ्यांनी घाटात उभा राहणारा ब्रेक का दिला नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

दिवाळीच्या आधी ओगलेवाडी रस्त्याला एका मिस्त्रीकडं गाडी नेली. पत्र्याचं शेड, एक जॅक, एक पोरगा हाताखाली. मी म्हटलं, ब्रेकची केबल बदला, ही डिझाइनच फालतू आहे. तो काही बोलला नाही. मागचं चाक काढलं, ड्रमवर हातोडीनं गोल फिरून ठोके दिले, ड्रम निघाला आणि काळी पूड खाली सांडली. आतले शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, त्यानं उजेडात धरले. त्यांच्यावरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजून पातळ झालेला आणि काचेसारखा चमकत होता. त्यावर काचकागद फिरवल्याचे आडवे ओरखडे दिसत होते. ॲडजस्टरची दातेरी फिरकी पार आतपर्यंत फिरवलेली, म्हणजे शू आणि ड्रममध्ये मोकळी जागाच जागा. मूठ अकरा वेळा ओढली तरी शू ड्रमला नीट टेकणार कसे?

"दादा, ह्यात नवं काय घातलंय? जुनंच हाय. पेपर मारलाय नुसता. ब्रेकचा काय दोष न्हाई ह्यात."

गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी गाडीची सर्व्हिसिंग केली होती. महामार्गालगतचं एक मोठं, चकचकीत, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं वर्कशॉप. नाव इथं घेत नाही. त्यांच्या बिलात स्पष्ट लिहिलं होतं : मागचे ब्रेक शू, एक सेट, २,१८० रुपये. मजुरी ६५० वेगळी. मी पैसे मोजले, जुने पार्ट मागितले नाहीत. ही माझी मोठी चूक.

मिस्त्रीनं काढलेले शू पिशवीत घातले आणि बिल घेऊन वर्कशॉपला गेलो. मॅनेजर म्हणाला, "सर, डॅटसन बंद झालीये ना, तिचे पार्ट येत नाहीत." मी म्हटलं, येत नाहीत तर तुमच्या बिलात कुठून आला? त्यावर मेकॅनिक रजेवर आहे असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला मालक बाहेरगावी. तिसऱ्या खेपेला मी अण्णांना बरोबर नेलं. ते काउंटरसमोरच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "माझी नात होती गाडीत." अर्ध्या तासात २,८३० रुपये खात्यावर आले. माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि मला पैशापेक्षा तेच जास्त लागलं आहे. ब्रेकचं खोटं बिल करणाऱ्याला समोरच्याच्या घरात कोण कोण आहे हे कधी मनातही येत नाही का?

पार्टचं म्हणाल तर नवे शू मिस्त्रीनं पुण्याहून मागवले आणि चौथ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं आले. नाव बंद करतानाच निसाननं सुटे भाग आणि सर्व्हिस चालू राहील असं जाहीर केलं होतं. शिवाय इंजिन निसानच्याच मायक्रा गाडीच्या घराण्यातलं बाराशे सीसीचं, त्यामुळं ऑइल फिल्टर, प्लग यासाठी मला अजून कुठं अडलेलं नाही. मिस्त्रीनं शू बसवले, ॲडजस्टर लावला, मूठ ओढली. सहाव्या टकेला चाक घट्ट. त्या चार मित्रांना मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा कळवलं की दोष गाडीचा नव्हता.

आता हाच हँडब्रेक मला आवडतो. तो मध्ये नसल्यामुळं पुढच्या दोन सीट जवळजवळ जोडलेल्या आहेत, आणि अण्णांना त्याचं फार कौतुक. त्यांच्याकडं बारा वर्षं प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगला, पुढं सलग बाकडं. गोमध्ये पहिल्यांदा बसले आणि मधल्या गादीवर हात ठेवून म्हणाले, "फियाटची सीट." आता तिथं त्यांची झोळी असते. झोळीत गोळ्यांचा डबा, चष्मा, पाण्याची बाटली. गुडघे दुखतात म्हणून ते कधीकधी त्यांच्या बाजूच्या दारानं न उतरता सरकून माझ्या बाजूनं उतरतात. महागड्या गाडीत मध्ये कन्सोल असतो, तिथं हे जमत नाही.

बाकी थोडक्यात. टाकी फुल ते फुल मोजलेलं मायलेज हायवेला १८.४, घाट आणि गाव धरून १६. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगला लागते, चालायला लागली की जाते. म्युझिक सिस्टिमच्या जागी फोन अडकवायचा कप्पा आणि वायर आहे. आताच्या माझ्या फोनला ती वायर बसत नाही, दीडशे रुपयांचा जोड घ्यावा लागला. पत्रा पातळ, पावसात छतावर ताशा वाजतो. एसी मे महिन्यात पुढच्यांना पुरतो, मागच्यांना दहा मिनिटं वाट बघावी लागते. पेट्रोल आणि विमा सोडून चौदा महिन्यांत १९,४०० रुपये खर्च झाले, त्यात नवी बॅटरी धरली आहे. माझ्या आधीच्या गाडीला एका वर्षात याहून जास्त लागायचे.

परवा पाटणच्या पंपावर हवा भरताना एक मुलगा जवळ आला. त्याची रेडी-गो, डॅटसनचीच छोटी गाडी, मागं उभी होती, सर्व्हिसिंगला कुठं नेता विचारत होता. मिस्त्रीचा नंबर दिला. आणि काम चालू असताना शेडमध्येच उभा राहा, जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस, असं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मग विचारलं, तुमचा हँडब्रेक कितव्या टकेला धरतो?