पॉलिमर क्लेनं सजवलेली आईची पेटी: नऊ महिने आणि एक बेळगावी पावसाळा

पेटीच्या झाकणावर पॉलिमर क्लेच्या नक्षीचे चौदा तुकडे लावले होते. तेरा आज घट्ट बसलेले आहेत. एक लांब पट्टी मात्र जुलैत उचलली. ती का उचलली हे कळायला मला पुन्हा पेटी करणाऱ्या मेस्त्रींकडे जावं लागलं, आणि ते कळल्यावरच हा अनुभव लिहावासा वाटला.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि खानापूरच्या घरातल्या तिच्या वस्तू आम्ही दोघी बहिणींनी वाटून घेतल्या. फणेरपेटी ताईकडे गेली. माझ्याकडे आला तिचा चष्मा, जोडवी, कुंकवाची पितळी डबी, मामानं पाठवलेली तीन पोस्टकार्डं आणि मांड्यांचं प्रमाण लिहिलेला वहीचा एक कागद. हे सगळं कपाटात पिशवीत राहू नये म्हणून बेळगावच्या शहापुरातल्या मेस्त्रींकडून सागवानाची पेटी करून घेतली, ९ इंच बाय ६ इंच, पितळी बिजागऱ्यांची. पॉलिश करू नका, असं मुद्दाम सांगितलं. कच्ची, म्हणजे न भाजलेली, क्ले पॉलिशवर टेकली तर पॉलिश मऊ होऊन चिकट पडतं.

नक्षी कुठली करायची यावर मी फार विचार केला. बाजारात केकच्या सजावटीचे सिलिकॉन साचे मिळतात, गुलाब, झालर, पऱ्या. सुबक असतात, पण आईचं त्यात काही नव्हतं. मग शेजारच्या अक्कांकडे साखरेच्या आरतीचा जुना लाकडी साचा निघाला. आपल्याकडे गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, सक्करी आरती करतात. साच्याच्या दोन फळ्या दोऱ्यानं घट्ट बांधायच्या, आत साखरेचा पाक ओतायचा, आणि निवल्यावर पांढरेशुभ्र हत्ती, पोपट, तुळशीवृंदावनं काढायची. आमच्या लहानपणी आई कानडी शेजारणीकडून आलेला पोपट आम्हाला लगेच खाऊ द्यायची नाही, दोन दिवस देवापुढे ठेवायची. अक्कांच्या साच्याची एक फळी हरवलेली, त्यामुळे पाकाला तो निरुपयोगी झाला होता. मला अर्धाच हवा होता, म्हणजे तुकड्याची पाठ सपाट येते.

लाकडी साच्यात क्ले थेट दाबली नाही. खोबणीत अडकली तर कोरून काढावी लागते आणि साच्याचं कोरीव काम जातं. सिलिकॉन पुट्टीचे दोन भाग सारखे घेऊन मळले, पोपटावर आणि वेलीवर दाबले. दहा-पंधरा मिनिटांत रबरासारखा साचा तयार. पोपटाच्या पंखावरची एकेक रेघ त्यात उतरली. अक्कांची फळी जशी होती तशी परत दिली.

आता मातीबद्दल. नावात क्ले असली तरी ही माती नाही. खानापूरची माती भट्टीत भाजून मडकं होतं, ती गोष्ट निराळी. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य. ती वाऱ्यानं वाळत नाही, उष्णता मिळाल्यावरच पक्की होते. मी फिमो कंपनीची फिमो सॉफ्ट ही क्ले घेतली, ५७ ग्रॅमच्या तीन वड्या, दोन हस्तिदंती आणि एक विटकरी. काम सुरू असताना वाचलं की फिमोचं मूळ जर्मनीतल्या बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझे यांच्या मुलीकडे जातं. घरात तिला फिफी म्हणत, त्यावरून हे नाव. १९६६ पासून ती त्या नावानं बाजारात आहे. बाहुल्या करणाऱ्या आईच्या लेकीनं जमवलेली वस्तू माझ्या आईच्या पेटीला लागतेय, हे मला फार आवडलं.

त्याआधी चोवीस रंगांचं एक स्वस्त पाकीट आणलं होतं. त्यातले तुकडे भाजल्यावरही वाकवले की तडकत होते. ते मी वापरलं नाही.

मळणं नीट झालं तर पुढचं सोपं जातं. वडी हातात पाच-सात मिनिटं मळायची, कणकेसारखी लवचीक झाली की साच्यात थोडा कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचा, जास्तीचा झटकायचा आणि क्ले मधून कडेकडे दाबत न्यायची. वरची बाजू पात्यानं सपाट करायची. पोपटाची चोच पहिल्या दोन वेळा तुटली. मग साचा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला, आणि तुकडा सुटा, अखंड निघाला. एप्रिलमध्ये ताईसाठी फुलं केली तेव्हा तर फ्रीजशिवाय चालतच नव्हतं.

भाजण्यात माझी खरी चूक झाली. फिमो सॉफ्टला ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं लागतात. ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, खटका मी ११० वर लावला आणि निर्धास्त राहिले. हस्तिदंती पोपट पिवळट तपकिरी होऊन बाहेर आला. ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर आणला तर आत १३५! तेव्हापासून थर्मामीटर बघूनच भाजते, आधी ओटीजी पंधरा मिनिटं तापवून, तुकडे फरशीच्या टाइलवर ठेवून, वर फॉइलचा सैल तंबू करून. कमी भाजलेली क्ले ठिसूळ राहते आणि फार तापली तर पीव्हीसी जळून घातक धूर निघतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि या कामाची भांडी परत स्वयंपाकात घेऊ नका. एकदा मध्येच करंट गेला. आला तेव्हा पुन्हा पूर्ण अर्धा तास भाजलं. दुसऱ्यांदा भाजल्यानं क्लेचं काही बिघडत नाही.

तुकडे गार झाल्यावर गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग खोबणींत भरला आणि वरवरचा ओल्या फडक्यानं पुसला. पोपट लगेच जुन्या कोरीव कामासारखा दिसायला लागला. ही पायरी चुकवू नका.

चिकटवायला आधी झटपट गोंद वापरला. महिनाभरात दोन पानं नखानं उचलली जाऊ लागली, कारण तो गोंद वाळून काचेसारखा कडक होतो. ती काढून, पाठ पॉलिशपेपरनं घासून, दोन नळ्यांच्या इपॉक्सी गोंदानं लावली. आज झाकण आपटलं तरी ती ढळत नाहीत. स्प्रेचं वार्निश मारू नका, हे जीव तोडून सांगते. नमुन्याच्या तुकड्यावर मारलं होतं, तीन आठवड्यांनी तो तुकडा बोटाला चिकटायला लागला आणि अजूनही चिकटतो. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात पुरला.

आणि ती पट्टी. झाकणाच्या अरुंद कडेला, ६ इंचांची सलग वेल होती. सगळ्यात देखणं काम तेच. जुलैत आठ दिवस ऊन नव्हतं, कपडे वाळत नव्हते, झाकण जरा घट्ट बसायला लागलं आणि एका सकाळी वेलीचं टोक वर आलेलं दिसलं. मधोमध बारीक चीर. मला वाटलं इपॉक्सी कच्चं राहिलं. मेस्त्रींनी पट्टीवर बोट ठेवून फळीच्या लाकडातली रेघ दाखवली.

"वैनी, फळी पावसात आडवी फुगतीया. उभी फुगत नाही. तुमची पट्टी आडवी हाय."

लाकूड रेघांना काटकोनात फुगतं आणि क्ले काही फुगत नाही. सहा इंच सलग पट्टी लाकडाला धरून बसली होती, तिला ताण सोसवला नाही. लांब बाजूची वेल रेघांच्या दिशेनं होती, ती शाबूत. पोपट आणि पानं लहान, त्यांच्याखाली लाकूड हलतं ते नगण्य. 

नवी वेल मी पाच तुकड्यांत केली आहे, मध्ये केसभर फटी. देठ जिथे पानाखाली जातो तिथेच तुकडा तोडला, म्हणून फट दिसत नाही. ऑगस्टच्या झडीत ती टिकली.

बाकी पेटी रोज हाताळली जाते. मुलगी पोपटावरून बोट फिरवल्याशिवाय ती उघडत नाही, तरी रंग उडालेला नाही. ओल्या फडक्यानं पुसते, उन्हात ठेवत नाही. क्ले, इपॉक्सी, पुट्टी, थर्मामीटर मिळून खर्च दोन हजारांच्या आत बसला, पेटीचे पैसे वेगळे. अक्कांनी पेटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "भाळ छंद ऐतरी." म्हणजे कानडीत, फार छान आहे. मग घरात गेल्या आणि साच्याची दुसरी फळी सापडते का ते बघायला माळ्यावर मुलाला चढवलं. सापडली तर यंदा कार्तिकात त्यात आधी साखरेचा पोपट होईल.