धरमपेठेतील बहुविवाह अभ्यासवर्ग: चार रविवारांचा अभिप्राय

नागपूरच्या धरमपेठेतील एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर यंदाच्या पावसाळ्यात चार रविवार चाललेला, माणसांतील आणि प्राण्यांतील बहुविवाहावरचा अभ्यासवर्ग मी एकही तास न चुकविता पूर्ण केला. प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मानवशास्त्र शिकविणाऱ्या एक बाई असे दोघे मिळून तो चालवितात; शुल्क १,८०० रुपये असून त्यातच एका सकाळची तलावावरील फेरी धरलेली आहे. नाव नोंदविले तेव्हा आमच्या सासूबाईंनी, असल्या विषयाला वर्ग कशाला लागतो, असे विचारले होते आणि मला नीट उत्तर देता आले नव्हते. आता ते देता येते.

सर्वांत आधी तलावाविषयी लिहिते, कारण केवळ त्या सकाळसाठीसुद्धा हे शुल्क मी पुन्हा भरीन. भंडारा रस्त्यापासून आत, शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेल्या एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर आम्ही सहाच्या सुमारास पोहोचलो. सरांनी तिकाटण्यावर दुर्बीण लावून दिली, तेव्हा लांब शेपटीचा कमळपक्षी अगदी हाताच्या अंतरावर बसल्यासारखा दिसला: मानेवर सोनेरी पट्टा, पंख पांढरे, आणि पोटाखाली तपकिरी, चकचकीत चार अंडी. रात्रीच्या पावसाने पाणी चढले होते आणि त्याच्या घरट्याची एक बाजू बुडू लागली होती. तो उठला, एक अंडे चोच आणि छाती यांच्यामध्ये धरून मागे मागे सरकत शेजारच्या उंच पानावर नेऊ लागला आणि ते तेथे पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कोणीही बोलले नाही. शिंगाड्याच्या वेली पाहत डोंग्यातून जाणारा ढिवर (मासेमार) बांधव त्या बाजूला वळलाच नाही. “तिकून डोंगा नाही नेत मी, थो अंड्यावर बसून हाये,” एवढेच तो म्हणाला.

अंड्यांवर बसलेला तो नर होता. मादी आकाराने मोठी असते, तलावाचा एक भाग राखते, त्यात एकामागून एक नरांशी जोडी जमविते, प्रत्येकाला चार अंड्यांची वीण घालून देते आणि पुढे जाते; सुमारे २६ दिवस उबविणे आणि नंतर पिल्ले सांभाळणे ही कामे नराकडे असतात. एका हंगामात अशा दहापर्यंत विणी ती घालू शकते. तरंगत्या पानांवरची घरटी पावसाने आणि भक्षकांमुळे सतत मोडतात आणि अशा ठिकाणी जी मादी पिल्लांत न अडकता लगेच नवी अंडी घालू शकते तिचा वंश टिकतो, हे कारण सरांनी तेथेच, बुडत्या घरट्याकडे बोट दाखवून समजाविले. वर्गातील फळ्यावर ते इतके पटले नसते.

परतीच्या वाटेवर एका पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ दिसले. आग्या मधमाशीची राणी आयुष्याच्या सुरुवातीच्या मीलन-उड्डाणांतच कित्येक डझन नरांशी मीलन करते आणि ते नर त्यानंतर मरतात. अनेक बापांची संतती एका पोळ्यात असल्याने रोगांपुढे ते पोळे अधिक टिकाव धरते. येथे सरांनी जी सूचना दिली ती मला या संपूर्ण वर्गाचा गाभा वाटते. कमळपक्ष्यालाही ‘बहुपतित्व’ म्हणतात आणि मधमाशीलाही, परंतु एका ठिकाणी नर पिल्लू वाढवितो आणि दुसऱ्या ठिकाणी तो ते पाहायलाही जिवंत राहत नाही. ‘पती’ हा शब्द माणसाच्या घरातला आहे. तो पाण्यावर आणि पोळ्यावर नेताना दर वेळी विचारायला हवे की पोसतो कोण, राखतो कोण आणि वारसा कोणाकडे जातो.

हेच प्रश्न बाईंनी माणसांना लावले. मानवशास्त्रज्ञांच्या एका प्रसिद्ध सूचीतील १,२३१ समाजांपैकी ५८८ समाजांत बहुपत्नीत्व सर्रास, ४५३ समाजांत अधूनमधून, १८६ समाज एकविवाही आणि बहुपतित्व फक्त ४ समाजांत, अशी आकडेवारी आहे. स्टार्कवेदर आणि हेम्स या संशोधकांनी २०१२ मध्ये त्यापलीकडचे आणखी ५३ समाज दाखविले, ज्यांत बहुपतित्वाची काही ना काही रीत होती. हिमालयातील रीत मुख्यतः सख्ख्या भावांची. तिबेट, लडाख, किन्नौर, जौनसार-बावर येथील शेती आधीच अपुरी. भावाभावांत वाटणी झाली तर कोणाचेच भागत नाही, म्हणून एक शेत, एक चूल आणि एक बायको. एक भाऊ नांगर धरतो, दुसरा मेंढरे घेऊन वर जातो, तिसरा व्यापाराला निघतो.

वर्गातील एका तरुणीने, म्हणजे तेथे बाईचे राज्य का, असे विचारले. बाईंनी उत्तर गुळमुळीत दिले नाही. निवड तिची नसते, कुटुंबांची असते. आणि तीन भावांना एक बायको म्हटले की गावातील इतर मुली लग्नावाचून राहतात. नेपाळच्या लिमी खोऱ्यात मानवशास्त्रज्ञ गोल्डस्टीन यांना २० ते ४९ वयाच्या ३१ टक्के स्त्रिया अविवाहित आढळल्या होत्या. वर्गातच एका निवृत्त शिक्षिकेच्या लक्षात आले की मराठीत ‘सवत’ आहे, ‘सवतीमत्सर’ आहे, परंतु एकाच स्त्रीच्या दोन नवऱ्यांनी एकमेकांना काय म्हणावे यासाठी शब्द नाही. त्यावर अर्धा तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

कायद्याचा भागही चोख होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एका वेळी एकच जोडीदार ठरविला, परंतु त्याच कायद्याच्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात हाटी समाजातील दोन भावांनी एका तरुणीशी जाहीरपणे लग्न केले, ती बातमी आपण सर्वांनी वाचली. तेथे या रीतीला जोडीदारा म्हणतात. गोंड वस्त्या ज्या विदर्भात आहेत तेथील वाचकाला हे कलम ठाऊक असणे मला आवश्यक वाटते.

आता उणिवा. वाचनासाठी दिलेले सर्व कागद इंग्रजीत होते आणि वर्गातील निम्म्या लोकांनी ते उघडलेही नाहीत; मराठीत शिकविणाऱ्यांनी मराठीत टिपणे द्यायला हवीत. द्रौपदीला शेवटच्या रविवारी जेमतेम वीस मिनिटे मिळाली. आदिपर्वात युधिष्ठिर सात ऋषींची पत्नी जटिला आणि दहा प्रचेतसांची पत्नी वार्क्षी यांचे दाखले देतो, आणि द्रुपद तरीही अडून बसतो. आपल्या घरोघरी ऐकलेल्या कथेतील हा वाद सावकाश वाचण्यासारखा होता. केरळातील नायर समाजाची संबंधम् ही जुनी विवाहपद्धत तर केवळ नावापुरती आली. खुर्च्या आणि चहा ठीक.

घरी येऊन सासूबाईंना मी निलगिरीच्या तोडा लोकांची जुनी रीत सांगितली: गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पतींपैकी एक जण स्त्रीला लहानसे धनुष्यबाण देत असे आणि तो त्या मुलाचा बाप ठरत असे. त्यांनी विचारले, “आणि ज्यांनी धनुष्य दिलं नाही, ते त्या लेकराला खांद्यावर घेतात की नाही?” बाईंना मी फोन केला. मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्या १९०६ च्या नोंदीनुसार, पती सख्खे भाऊ असतील तर धनुष्य थोरला देत असे आणि बाप मात्र सगळेच मानले जात, असे त्यांनी सांगितले. पुढील वर्ग दिवाळीनंतर आहे. सासूबाईंचे नाव मी नोंदविले आहे, आणि कमळपक्ष्याचा विणीचा हंगाम तेव्हा संपलेला असेल म्हणून तलावाची फेरी पुढच्या पावसाळ्यात करून द्यावी, अशी विनंती चालकांना केली आहे.